पाळणा थांबतो, लांबत नाही

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्या जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे नोंदलेलं आहे. देशाचा आकडा ३७.९ टक्के. त्याच पाहणीनुसार देशात गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के, तांबी बसवलेल्या २.१ टक्के आणि इंजेक्शन घेणाऱ्या ०.६ टक्के. निरोध वापरणारी जोडपी ९.५ टक्के. पुरुष नसबंदी ०.३ टक्के.

संततिनियमनाच्या साधनांची तुलना करणारे तक्ते मासिकांत, दवाखान्यांच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवरही भरपूर दिसतात. डावीकडे साधनाचं नाव, मग यश किती, तोटे काय, किंमत किती. तक्ता खोटा नसतो. पण त्यात सगळी साधनं एका ओळीत मांडलेली असतात आणि बाईपुढे ती कधीच तशी येत नाहीत. आपल्याकडचा नेहमीचा क्रम असा: विशीच्या आसपास लग्न, वर्ष-दीड वर्षात पहिलं मूल, पाठोपाठ दुसरं, त्यात एक मुलगा असला की पंचविशीच्या आगेमागे ऑपरेशन. लग्न ते ऑपरेशन या पाचसहा वर्षांत तिच्या हाती बहुधा काहीच नसतं, आणि ऑपरेशननंतर रजोनिवृत्तीपर्यंतच्या वीस-बावीस वर्षांत आरोग्यखात्याला तिची आठवण राहत नाही. पाळणा थांबवण्याची सोय आपण गावोगाव केली. पाळणा लांबवण्याची सोय कागदावर आहे, पण वापरात फारशी उतरलेली नाही. म्हणून साधनांचा आढावा घ्यायचा तर आधी हे एकच साधन इतकं मोठं कसं झालं ते पाहावं लागतं.

सुरुवात खरं तर अगदी उलटी होती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या कामापायी ती नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला आणि सभागृहानं तो फेटाळला. गांधीजींचं मत दुसऱ्या टोकाला होतं. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तेव्हा त्यांनी संयमाखेरीज दुसरं साधन मान्य केलं नाही. कर्व्यांचा आग्रह मात्र साधा होता. मूल कधी हवं, हवं की नको, हे बाईला ठरवता आलं पाहिजे. देशाच्या लोकसंख्येचा विचार त्यांच्याकडे त्यानंतर येत असे.

स्वातंत्र्यानंतर हा क्रम उलटला. १९४९ मध्ये धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापन केली. १९५२ मध्ये भारतानं कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. पण सरकारच्या दृष्टीनं प्रश्न लोकसंख्येचा होता, आणि लोकसंख्या मोजायची तर उद्दिष्टं ठरवावी लागतात. १९६५ मध्ये ‘लूप’ आली. गर्भाशयात बसवायची ही प्लॅस्टिकची वेटोळी लाखो बायकांना बसवली गेली, पण रक्तस्राव होऊ लागल्यावर किंवा ती निसटल्यावर विचारायला कुणी नव्हतं. तिची बदनामी इतकी झाली, की तांबीबद्दलची आजची भीती काही अंशी त्या लूपची देणगी आहे असं मला वाटतं. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. तीन मुलं झाली की नसबंदी सक्तीची, असं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये संमतही केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यानं ते बारगळलं. निवडणुकीत केंद्रातलं सरकार पडलं आणि पुढच्या प्रत्येक सरकारनं एक धडा घेतला: पुरुषाला हात लावायचा नाही. उद्दिष्टं तशीच राहिली, फक्त टेबलावर आता बाई आली.

आज हे ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर पोटावर लहानसा छेद घेऊन, नाहीतर दुर्बिणीनं. दोन्हींत गर्भनलिका बंद करतात. गर्भपिशवी जागेवर राहते, बीजकोश जागेवर राहतात, पाळी येत राहते. सरकारी नियमाप्रमाणे बाई विवाहित, २२ ते ४९ वयाची आणि वर्षावरच्या निदान एका मुलाची आई असावी लागते. पहिल्या वर्षात साधारण दोनशेत एक ऑपरेशन फसतं. त्यासाठी भरपाईची सरकारी योजना आहे आणि ९० दिवसांत अर्ज करावा लागतो, हे फॉर्मवर अंगठा उठवणाऱ्या बाईला सहसा कुणी सांगत नाही. ऑपरेशनानंतर पाळी चुकली तर ताबडतोब तपासणी करून घ्यावी, कारण अशा वेळी गर्भ नलिकेत राहण्याचा धोका जास्त असतो. हेही सांगितलं जात नाही.

ऑपरेशन हे वाईट साधन नाही. पस्तिशीतल्या, दोन-तीन मुलं झालेल्या, आता नकोच असं ठरवलेल्या बाईला त्यानं मोठी मोकळीक मिळते. अडचण वयाची आहे. अमेरिकेत हजारो बायकांचा चौदा वर्षं पाठपुरावा करून एक अभ्यास झाला. तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्यांपैकी पाचांत एकीला पुढे पश्चात्ताप झाला. तिशीनंतर केलेल्यांत हे प्रमाण शंभरात सहा होतं. आपल्याकडे तर बहुसंख्य ऑपरेशनं तिशीच्या आतच होतात. मूल दगावलं, नवरा गेला, दुसरं लग्न झालं, तर परतीचा रस्ता नलिका पुन्हा जोडण्याच्या खर्चिक आणि बेभरवशाच्या शस्त्रक्रियेतून किंवा टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यातून जातो.

शिबिरांचं प्रकरण तर फार जुनं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका दिवसात, एका डॉक्टरच्या हातून, ८३ बायकांची ऑपरेशनं झाली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर डझनभराहून अधिक बायका मेल्या. देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांत शिबिरं बंद करायला सांगितलं. तरीही ‘ऑपरेशनचा सीझन’ अजून असतो. थंडी पडली आणि मार्चअखेर जवळ आली की आकडे चढतात. थंडीत जखम चिघळत नाही हा बायकांचा समज आणि आर्थिक वर्ष संपतंय ही खात्याची गरज, दोघांचा मुहूर्त एकच.

या ऑपरेशनाचा आणखी एक परिणाम महाराष्ट्रालाच नीट ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी २०१९ मध्ये गाजली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२ हजारांच्या आसपास बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक आहेत: मुकादमाची उचल, फडावर न मिळणारी सुट्टी, पाण्याचा आणि संडासाचा अभाव, खासगी दवाखान्यांची कमाई. त्यात हेही धरावं लागेल, की पंचविशीत ‘तुझं काम झालं’ असं ठरवलेल्या बाईनं तिशीत अंगावरून पांढरं जातं म्हणून सांगितलं, तर तिला तपासून औषध देण्याऐवजी ‘पिशवीचा आता उपयोग काय?’ असं विचारणं सोपं जातं. जिची एकदा आयुष्यभरासाठी सोय लावून दिली, तिच्या गर्भाशयाकडे रुग्णाचा अवयव म्हणून पाहण्याची सवयच व्यवस्थेला उरलेली नसते.

याच्या शेजारी पुरुष नसबंदी ठेवून बघा. बिनटाक्याची, जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होणारी. पोट उघडावं लागत नाही, भूल लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फसण्याचं प्रमाण बाईच्या ऑपरेशनाहून कमी. एकच पथ्य: पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत याची खात्री करायची. वैद्यकशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर इथे तुलना करण्यासारखं काही उरतच नाही. सरकार पुरुषाला बाईपेक्षा जास्त अनुदान देतं, तरी आकडा ०.३ टक्क्यांवर अडलेला. ‘त्यांना जड उचलावं लागतं, कमजोरी येईल,’ असं सांगणारी बायको स्वतः डोक्यावर दोन घागरी घेऊन चालत असते.

आता बाकीच्या साधनांकडे. शंभर बायका वर्षभर एखादं साधन वापरतात, त्यातल्या किती जणींना दिवस जातात, असा हिशेब जगभर मांडला जातो. काहीच न वापरल्यास ८५. केवळ वेळेवर बाहेर काढून घेण्यावर भिस्त ठेवली तर २०. निरोध १३, रोजच्या गोळ्या ७, तीन महिन्यांचं इंजेक्शन ४. तांबी एकाहून कमी, दंडातली कांडी त्याहूनही कमी. हे आकडे मुख्यतः अमेरिकेतले आहेत आणि ते नेहमीच्या वापराचे आहेत. गोळी एकही न चुकवता घेतली तर सातावरून आकडा एकाच्या खाली येतो. फरक औषधात नाही, विसरण्यात आहे. आणि विसरणं म्हणजे काय ते घराघरावर अवलंबून असतं. एका खोलीच्या घरात, सासूच्या नजरेसमोर, रोज रात्री पाकीट कुठून काढायचं? माहेरी गेली आणि पाकीट सासरी राहिलं तर? बाईच्या हातून रोज काहीतरी घडावं लागतं ते साधन आणि एकदा बसवलं की विसरता येतं ते साधन, हा खरा भेद. बाकीचे गुणदोष त्याच्यामागून येतात.

विसरता येणाऱ्यांत सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत वाया घालवलेली म्हणजे तांबी, कॉपर टी. सरकारी केंद्रात दोन प्रकारच्या मिळतात: ३८० ए, दहा वर्षं चालणारी, आणि ३७५, पाच वर्षांची. दोन्ही फुकट. ती बसवताना काय होतं ते बायकांना कुणी दाखवत नाही, म्हणून इथे सांगतो. आधी आतून तपासणी होते: गर्भाशय पुढे झुकलेलं आहे की मागे, सूज आहे का, दिवस गेलेले नाहीत ना. मग योनिमार्गात उपकरण घालून गर्भाशयाचं तोंड दिसेल असं करतात, ते औषधानं पुसतात, एका बारीक सळीनं पिशवीची खोली मोजतात. इंग्रजी ‘टी’ हे अक्षर डोळ्यांपुढे आणा; तसंच ते यंत्र, सव्वा इंचाचं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं, दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. त्याचे दोन्ही हात मिटून ते एका पातळ नळीतून आत नेतात, नळी मागे ओढली की हात आत उघडतात. खाली दोन दोरे लोंबतात, ते तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पोटात पाळीसारखी कळ येते, कुणाला जास्त, कुणाला कमी. पुढे दर पाळीनंतर बोट घालून दोरा लागतो का ते बघायचं.

तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे गर्भ राहण्याआधीच काम होतं. हार्मोनचा संबंध नाही; म्हणून अंगावर पाजणाऱ्या, रक्तदाबाच्या, गोळ्या न चालणाऱ्या बायकांनाही ती चालते. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीचा उपाय म्हणून ती गोळीपेक्षा भरवशाची. बाळंतपणानंतर ४८ तासांत दवाखान्यातच बसवायची पद्धत आता बरीच रुळली आहे. त्यात निसटण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, पण बाईला दुसरी फेरी मारावी लागत नाही. पोटात फिरत फिरत ती काळजाला जाते, ही कथा खोटी. गर्भाशयाच्या वरच्या अंगाला तसा रस्ताच नाही. बसवताना पिशवीला भोक पडण्याचा प्रकार हजारात एखाददुसरा.

तोटा मात्र खरा आहे आणि तो लपवल्यानंच तांबी बदनाम होते. पहिले तीन-सहा महिने पाळीत जास्त जातं, जास्त दिवस जातं, पोट दुखतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. आधीच नऊ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला तांबी बसवून लोहाच्या गोळ्या न देता घरी पाठवलं, तर ती सहा महिन्यांत काढायला येणारच. आली की ‘आता काय काढतेस, सवय होईल’ म्हणून परत पाठवायचं आणि तिनं गावात जाऊन सांगायचं की ती निघतच नाही. एका बाईच्या अशा अनुभवानं गावच्या आशा कार्यकर्तीची, आशाताईंची, वर्षभराची मेहनत वाया जाते. याच जातीची हार्मोनची ‘टी’ही मिळते, तिच्यात तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. तिनं उलट रक्तस्राव घटतो, कित्येकींची पाळी जवळजवळ थांबते, आणि जास्त रक्तस्रावासाठी पिशवी काढायला निघालेल्या बाईला ती वाचवू शकते. किंमत हजारांत असल्यानं ती अजून शहरी दवाखान्यांपुरती आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत ती फुकट द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गोळ्यांत माला-एन आशाताईंकडे मिळते: २१ गोळ्या हार्मोनच्या, सात लोहाच्या. पाळी नियमित होते, दुखणं कमी होतं, बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. एक गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा जास्त विसरल्या तर घेणं चालू ठेवून सात दिवस निरोधही वापरावा. रक्तदाब, पायात गाठ होऊन गेलेली, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, यकृताचा आजार, पस्तिशीनंतर धूम्रपान, अशा बायकांनी या गोळ्या घेऊ नयेत. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईनंही नाही. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो. क्षयाचे रुग्ण इतके असलेल्या आपल्या राज्यात औषध देताना हा प्रश्न सवयीनं विचारला जायला हवा.

दुसरी गोळी आपल्या देशाची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली सेंटक्रोमन, १९९१ मध्ये ‘सहेली’ नावानं बाजारात आली आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ झाली. हिच्यात स्त्री-हार्मोन नाही. मळमळ नाही, रोज घ्यायची नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात. तो रविवार असला तर पुढची बुधवारी, मग तीन महिने दर रविवार-बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. पाजणाऱ्या आईला चालते. पाळी लांबू शकते, दीड-दोन महिन्यांनी येऊ शकते, हे आधी सांगितलं नाही की बाई घाबरून दवाखाना गाठते किंवा गोळीच बंद करते. बीजकोशात गाठी, कावीळ किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊ नये. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आपल्याकडे उपवासाच्या वारासारखी अंगवळणी पडायला हवी होती. इतकी वर्षं हाताशी असूनही ती कितीतरी घरांत ठाऊकच नाही.

तीन महिन्यांच्या इंजेक्शनावर आपल्याकडे मोठं भांडण झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. १९८६ मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं नेट-एन या अशाच दुसऱ्या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती, कारण चाचणीला आणलेल्या गरीब बायकांना आपल्यावर कशाचा प्रयोग चाललाय हे नीट सांगितलेलं नव्हतं. १९९३ मध्ये डेपो-प्रोव्हेराला खासगी बाजाराची परवानगी मिळाली, सरकारी कार्यक्रमात तेच औषध ‘अंतरा’ नावानं २०१७ च्या सुमारास आलं. संघटनांचा मुद्दा औषधापेक्षा व्यवस्थेवर बोट ठेवणारा होता: टोचलेलं परत काढता येत नाही, मग तीन महिने त्रास झाला तर बाईनं जायचं कुठे? तो मुद्दा आजही लागू आहे. पहिल्या वर्षात अधूनमधून लाल डाग दिसतात, पुढे पाळी बंद होते. रक्त आत साठतं असं बायकांना वाटतं. प्रत्यक्षात अस्तरच जाड होत नाही, त्यामुळे साठायला काही नसतं. हाडं काहीशी विरळ होतात, थांबवल्यावर बहुतांशी भरून येतात. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. लवकरच मूल हवं असेल तर हे घेऊ नये. पण फायदाही मोठा आहे. पाकीट नाही, दोरा नाही, घरात कुणाला कळायचं कारण नाही. आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यात तर हे साधन विशेष सोयीचं आहे. त्यानं दुखण्याचे झटके कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे.

दंडाच्या कातडीखाली बसवायची कांडी तीन वर्षं चालते. २०२३ पासून सरकारनं ती निवडक जिल्ह्यांत द्यायला सुरुवात केली आहे. ती काढायला शिकलेले हात तालुक्याला असतील तरच तिचा विस्तार करावा, नाहीतर लूपचीच गोष्ट पुन्हा घडेल.

निरोधाबद्दल थोडक्यात: लैंगिक आजारांपासून वाचवणारं तेवढं एकच साधन आहे, आणि त्याचा सगळा भार नवऱ्याच्या मर्जीवर. ७२ तासांच्या गोळीची जाहिरात २००७ पासून टीव्हीवर इतकी झाली, की शहरातल्या कित्येक मुलींना तेवढं एकच साधन ठाऊक असतं. ती बीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. अडीअडचणीला उत्तम, महिन्याला तीनदा घ्यायला वाईट. बाळंतिणीसाठी निसर्गाचंही एक साधन आहे, पण त्याच्या तिन्ही अटी पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळाला रात्रंदिवस अंगावरच्या दुधाखेरीज काही नाही. तोवर शंभरात अठ्ठ्याण्णव जणी सुरक्षित. घुटी-पाणी सुरू झालं की ती खात्री संपली.

साधन फसलंच तर गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं साधन फसल्याच्या कारणासाठी २० आठवड्यांपर्यंतची मुभा ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांच्याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशी खुली केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेचा हक्क आणखी स्पष्ट केला. कायदा इतका पुढे गेला, पण आशाताईंच्या हातातली नोंदवही अजून ‘पात्र जोडप्यां’चीच. लग्न न झालेली मुलगी, विधवा, टाकलेली बाई, नवरा गुजरातेत कामाला आणि वर्षाकाठी पंधरा दिवस घरी, अशा बायका त्या वहीत नीट बसत नाहीत. बाजारातल्या औषधाच्या दुकानात जाऊन साधन मागायची हिंमत त्यांच्याकडे क्वचितच असते.

आणि लग्न झालेली मुलगीसुद्धा वहीत येते ती बहुधा पहिलं बाळंतपण झाल्यावर. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या मुलींपैकी पाचांत एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हेही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. सातारा जिल्हा परिषदेनं २००७ मध्ये एक गमतीची वाटणारी पण शहाणी योजना काढली होती: लग्नानंतर दोन वर्षं मूल लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. लोकांनी तिला हनिमून पॅकेज म्हटलं. लांबवण्यासाठी पैसा खर्च करणारी ही दुर्मीळ सरकारी कल्पना. एरवी आपण थांबवण्यासाठीच खर्च करतो, किंवा तिसरं मूल झालं म्हणून ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला अपात्र ठरवतो. राज्याचा जननदर १.७ वर आला आहे. आता बायकांना थांबवण्याची घाई करायचं कसलंही कारण उरलेलं नाही.

तेव्हा माझा कौल असा. लग्न झाल्या झाल्या आणि पहिलं मूल होण्याआधी: निरोध, छाया किंवा माला, घरच्या परिस्थितीप्रमाणे. पहिलं मूल झालं की तांबी, हिमोग्लोबिन तपासून आणि लोहाच्या गोळ्यांसकट. रक्तस्राव झेपत नसेल तर अंतरा. दुसऱ्यानंतर लगेच ऑपरेशन नको. तिशी उलटेपर्यंत तांबीच चालू ठेवावी, तीही जवळजवळ तितकीच भरवशाची आहे. आणि कायमचं थांबायचं ठरलं की पहिला प्रश्न नवऱ्याला: त्याची नसबंदी का नाही?

हे वाचणाऱ्या बायकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नसबंदीच्या फॉर्मवर तुमची सही पुरते, नवऱ्याची संमती सरकारी नियमात लागत नाही. आणि तांबी फुकट बसते तशीच फुकट निघते; काढून मागताना कारण सांगण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही.